दोनशे मैलांचा बटाटा

वारा इतका, की काडी ओढावी आणि तिथंच विझावी.
ऑक्टोबरातलं वायोमिंग असंच असतं.
शेवटी बेल्वाच्या ट्रेलरच्या आडोशाला
लव्हर्ननं निखारे आणले, बिडाचं भांडं ठेवलं,
चिमट्यानं एकेक निखारा मांडत गेला,
खाली आठ, झाकणावर सोळा.
तो मोजत असताना बोलायचं नाही,
हे इथं कुत्र्यांनाही ठाऊक.

आयडाहोचं जोडपं मात्र नवं,
आयनोआ आणि कीगन.
त्यांचा विजेचा ट्रक फाटकातून असा आला
की बेल्वाचा कुत्रा भुंकायचंच विसरला,
मग ओशाळून उगाच टायर हुंगत बसला.

मी इथली राखणदारीण.
हंगामभर जागा फुकट, बदल्यात
संडास धुणं, सरपण विकणं, भांडणं मिटवणं.
विजेचं भांडण यंदाचंच.

"त्याचा ट्रक रात्रभर जेवणार,
आणि भाडं सगळ्यांना सारखंच?" मर्व्हिन.
"तुमचा जनरेटर पहाटे सहाला माझी झोप खातो,
तिचं बिल कुणाला पाठवू?" आयनोआ,
कांदा चिरता चिरता, वर न बघता.

मग रीतसर काथ्याकूट.
डिझेलचा भाव, धूर, थंडीत आकसणारी बॅटरी,
कुठल्या खाणीत कुणाची पोरं,
कुणाच्या मेव्हण्याचा ट्रक कुठल्या घाटात बंद पडला.
बीन्स खाली लागल्याचा वास आला
तरी डाव कुणाच्या हातात ते कुणाला आठवेना.

कीगन प्रामाणिक निघाला. म्हणाला,
"ट्रेलर जोडला की पल्ला अर्धा.
एकशे दहा मैल.
समोरून असला वारा असेल तर नव्वदसुद्धा नाही."
मर्व्हिन मांडी थोपटून हसला.

लव्हर्ननं पहिल्यांदाच मान वर केली.
"एकशे दहा?
बटाटा कच्चा राहील."

कुणाला काही कळेना.
त्यानं शेवटचा निखारा ठेवला आणि मग सांगितलं,
ऑर्फा निघताना सगळं चंदेरी कागदात गुंडाळायची,
बॉनेट उघडून इंजिनाच्या तापत्या नळ्यांत
तारेनं घट्ट बांधून टाकायची.
सॉसेज साठ मैल.
कोंबडीची तंगडी एकशे चाळीस, मध्ये एकदा उलटायची.
बटाटा दोनशे.
"नकाशा मी बघायचो,
पण थांबायचं कुठं ते बटाटा ठरवायचा.
एकदा चढ फार लागले,
त्या दिवशी मोंटानाच्या हद्दीआधीच शिजला."

कीगननं उठून ट्रकचं बॉनेट उघडून दाखवलं.
इंजिनाच्या जागी स्वच्छ रिकामा खण,
आत दोन रेनकोट आणि कांद्यांची जाळी.
लव्हर्ननं खणाच्या तळाशी तळवा टेकवला,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा.
"चांगला आहे," म्हणाला. "सामान बरंच मावेल."

मग जेवलो. पीचचा पाय वरून खमंग,
आतून ओलसर. मर्व्हिननं तीनदा घेतला
आणि तिसऱ्यांदा आयनोआला आधी विचारलं.

सकाळी सात वाजता पांढरा ट्रक गेला,
गेला ते ऐकूच आलं नाही.

आठच्या सुमारास एकोणीस नंबरच्या जागेवरून
खोकल्यासारखा आवाज.
लव्हर्नची डिझेल पिकअप,
मेपासून जागची हललेली नव्हती,
मागच्या चाकाभोवती गवत वाढलेलं.
सुरू होती, उभी होती.
तो बॉनेटजवळ खुर्ची टाकून बसलेला,
मांडीवर चंदेरी कागदाचं भेंडोळं.

नियम आहे,
उभ्या गाडीचं इंजिन पाच मिनिटांच्या वर चालू नको.
पाटी मीच रंगवली आहे.
मी गेले, घड्याळ मनगटावरून काढून खिशात टाकलं.

"उभ्या गाडीचे मैल कसे मोजायचे गं?"
त्यानं विचारलं.

मला येत नव्हतं.
दीड तासानं काढला. मधोमध करकरीत होता.
मीठ माझ्याकडे होतं.